चार हजार हर्ट्झचा खड्डा

शिवलीला तेरदाळेनं त्या महिन्यातल्या बेचाळिसाव्या मोटरसायकलचा स्क्रीन उघडला, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. स्क्रीनवर पुन्हा तोच लाल संदेश होता : ‘दोन्ही स्पीकर, प्रतिसाद कमी. बदला.’

इचलकरंजीतल्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती फक्त आवाजाचं काम बघायची. मोटरसायकलच्या आवाजासाठी वेगळा माणूस लागतो, हे पाच-सहा वर्षांपूर्वी कुणाला सांगून पटलं नसतं. पण विजेवरच्या बिनआवाजाच्या गाड्या आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ हेल्मेटचा नवा नियम आला. आता हेल्मेट डोक्यावर चढवून ते गाडीशी जोडल्याशिवाय गाडी सुरूच होत नसे. ते रस्ता सांगे, फोन घेई, गाणी लावी, वाऱ्याचा गोंगाट गाळून टाकी आणि मागून रुग्णवाहिका येत असली तर आधीच सावध करी. बाजारात भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा आता हे हेल्मेट घालूनच निघायचा.

त्यात ‘स्वरमेळ’ नावाची एक सोय होती. गाडी सुरू केली की हेल्मेट कानात तीन सेकंद अगदी बारीक टिकटिक करी. ती टिकटिक कानावरून आपटून कशी परत येते हे आतला मायक्रोफोन ऐके आणि त्यावरून पुढच्या आठ-दहा मिनिटांत हळूहळू आवाज बेतून देई. कुणाचे केस दाट असतात, कुणी आतून रुमाल बांधतो, कुणाचं हेल्मेट सैल बसतं. सगळ्यांना सारखंच नीट ऐकू यावं, हा हेतू. जो स्वर कमी परत येईल तो हेल्मेट वाढवायचं आणि फारच वाढवावा लागला तर स्पीकर खराब आहे असं समजून लाल संदेश दाखवायचं.

एकेचाळीस गाड्यांचे स्पीकर शिवलीलानं बदलले होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातली प्रत्येक गाडी तोच संदेश घेऊन परत आली होती. पुण्याच्या मुख्य कचेरीचं म्हणणं होतं की स्पीकरची एक खेप खराब निघाली आहे, नवे पाठवतो, बदलत राहा.

बेचाळिसावी गाडी रावसो कांबुरे यांची होती. कांबुरे यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे कारागीर. तीस वर्षं या शेडमधून त्या शेडमध्ये हिंडलेला माणूस. त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती. त्यांना हेल्मेटमध्ये सगळं छान ऐकू येत होतं. तक्रार त्यांच्या मुलीची होती. पल्लवी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं काल वडिलांची गाडी घेतली, हेल्मेट घातलं आणि चौकात रुग्णवाहिकेची सूचना वाजली ती कानात दाभण खुपसावं तशी. तिनं दोन्ही हात हँडलवरून काढून कानांकडे नेले. गाडी आडवी झाली. मागची रिक्षा वेळेवर थांबली म्हणून निभावलं. पल्लवीच्या तळहाताला पट्टी होती आणि ती वडिलांच्या मागं उभी होती.

“एखादा माणूस जायचा ह्यात,” कांबुरे म्हणाले. ते मोठ्यानं बोलत होते, पण त्यात राग नव्हता. त्या गावात सगळेच मोठ्यानं बोलत.

शिवलीलानं नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली. हेल्मेटची जोडणी मोडून पुन्हा केली. गाण्याचा, फोनचा आणि सूचनांचा आवाज वेगवेगळा तपासला. वेगाबरोबर आवाज वाढवायची सेटिंग बंद करून पाहिली. तारा, खटके, गाद्या, सगळं ठीक होतं. मग तिनं ते हेल्मेट स्वतः घातलं आणि रुग्णवाहिकेची सूचना वाजवली. आवाज जरा टोकदार वाटला, पण स्वच्छ होता. हात सोडून द्यावेत असं त्यात काही नव्हतं.

तिनं ते पल्लवीला दिलं. सूचना वाजताच पल्लवीनं झटक्यानं हेल्मेट उपसून काढलं. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

मग शिवलीलानं सगळ्या सेटिंग कारखान्यातून आल्या होत्या तशा केल्या. पल्लवी म्हणाली, आता बरोबर आहे. कांबुऱ्यांनी घालून पाहिलं तर त्यांना ते पसंत पडेना. कापूस घातल्यासारखं वाटतंय, शब्द कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शिवलीलानं त्यांना दहा मिनिटं रस्त्यावर एक फेरी मारून यायला सांगितलं. ते परत आले ते खुशीत. आता नीट ऐकू येतंय, आपोआप सुधारलं, म्हणाले. तेच हेल्मेट पल्लवीनं नुसतं कानाजवळ धरलं आणि मान मागं घेतली.

मग शिवलीलानं तेच उलट करून पाहिलं. सेटिंग पुन्हा मूळपदावर आणल्या आणि या वेळी पल्लवीला हेल्मेट घालून दहा मिनिटं गाडीवर नुसतं बसवलं. लाल संदेश आला नाही. हेल्मेटनं कुठलाच स्वर वाढवला नाही. स्क्रीनवरची रेघ पाटासारखी सरळ राहिली.

तेच स्पीकर होते, तीच गाडी होती. बदललं होतं फक्त डोकं.

शिवलीलानं संगणकावर जुन्या एकेचाळीस गाड्यांच्या नोंदी उघडल्या आणि टिकटिक कशी परत येते त्याच्या रेघा एकीवर एक मांडल्या. एका टोकाला जाड, खालचे स्वर. दुसऱ्या टोकाला बारीक, उंच स्वर. सगळ्या रेघा सरळ येत होत्या आणि एकाच ठिकाणी खाली घसरत होत्या. कुणाची थोडी, कुणाची खूप, पण जागा एकच. चार हजार हर्ट्झ. पक्ष्याच्या शिटीइतका उंच स्वर. तिथं खड्डा होता, पुढं रेघ पुन्हा थोडी वर चढत होती. हे स्पीकर तीन वेगवेगळ्या खेपांचे होते. तीन खेपांमधले बेचाळीस गाड्यांचे स्पीकर एकाच जागी, एकाच तऱ्हेनं बिघडतील हे अशक्य होतं.

तिनं गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुम्ही काम काय करता. कुणी विणकर, कुणी जॉबर, कुणी शेडचा मालक, कुणी मागात ताण्याचं सूत ओवणारा वहिफणीवाला. चौतीस जण रोज मागांच्या आवाजात उभे राहणारे निघाले. राहिलेल्या सातांपैकी पाच जणांची घरं शेडला लागून होती.

शिवलीलानं पुण्याला मिहीर दातारला फोन केला. स्वरमेळाची आज्ञावली ज्यांनी लिहिली त्यांतला तो एक. त्यानं पहिल्यांदा तिला समजावून सांगितलं की टिकटिक फक्त गादीची जाडी आणि हेल्मेट किती सैल आहे तेवढंच मोजते. कान कसा आहे हे तिला कळायचं कारण नाही. शिवलीलानं त्याला बेचाळीस रेघा पाठवल्या आणि वडील-मुलीची गोष्ट सांगितली. फोनवर त्याच्या कळफलकाची टकटक ऐकू येत राहिली.

मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे एखादं नकली डोकं आहे का? प्रयोगशाळेत रबराचं असतं तसं. नव्हतं. शिवलीला रस्ता ओलांडून भाजीच्या गाडीवर गेली आणि डोक्याएवढा लाल भोपळा घेऊन आली. टेबलावर भोपळा ठेवून तिनं त्याला हेल्मेट घातलं. कांबुरे हसायला लागले. पल्लवीही पहिल्यांदाच हसली.

हेल्मेटनं तीन सेकंद टिकटिक केली आणि दहा मिनिटांत भोपळ्यासाठी सगळेच्या सगळे स्वर शेवटपर्यंत वाढवून टाकले.

“कच्च्या नोंदी उघडा,” मिहीरचा आवाज आता चढला होता. “टिक गेल्यावर लगेच जो प्रतिध्वनी येतो तो सोडा. तो भोपळ्यावरूनही येणार. त्यानंतरचे काही हजारांश सेकंद बघा. तिथं काही आहे?”

भोपळ्याच्या नोंदीत तिथं काहीच नव्हतं. पल्लवीच्या नोंदीत मात्र बारीक थरथर होती, प्रत्येक स्वराला. कांबुऱ्यांच्या नोंदीतही थरथर होती, पण चार हजारांशी आली की ती विझत होती. जणू टिक आत गेली होती आणि कुणीतरी आतून तिला ओ दिली होती. कांबुऱ्यांच्या कानात त्या एका जागी ओ देणारं कुणी उरलं नव्हतं.

“आम्ही हे त्याला शिकवलेलं नाही,” मिहीर म्हणाला. “आम्ही फक्त एवढंच सांगितलं होतं, माणसाला नीट ऐकू येईल असं कर. बाकीचं त्यानं स्वतः शोधलंय.”

त्याच दुपारी शिवलीला कांबुऱ्यांना आणि त्यांच्या हेल्मेटला घेऊन डॉक्टर शहनाज बागवान यांच्याकडे गेली. गावात कानाच्या डॉक्टर म्हणून त्या वीस वर्षं होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हेल्मेटकडे जरा संशयानं पाहिलं आणि कांबुऱ्यांना काचेच्या बंद खोलीत बसवून रीतसर तपासणी केली. तपासणीचा कागद बाहेर आला. शिवलीलानं आपल्या रेघेचा कागद त्यावर ठेवून खिडकीपुढं धरला. दोन्ही खड्डे एकावर एक बसले.

डॉक्टर खुर्चीत बसल्या. त्यांनी सांगितलं ते असं. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात केसाळ पेशींच्या रांगा असतात. त्या आवाज नुसता घेत नाहीत, हलून त्याला उत्तरही देतात आणि ते उत्तर अतिशय क्षीण आवाजाच्या रूपानं कानातून बाहेर येतं. नवजात बाळाला ऐकू येतं का, हे बाळ सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या कानात टिकटिक सोडून हेच उत्तर ऐकतात. मोठ्या गोंगाटात वर्षानुवर्षं राहिलं की या पेशी मरतात. पहिल्यांदा मरतात त्या चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या. त्या पुन्हा उगवत नाहीत.

“माणसाला कळतच नाही सुरुवातीला,” त्या म्हणाल्या. “स, फ, ट असली अक्षरं पुसट होतात. बायको पुटपुटते असं वाटतं. टीव्हीचा आवाज वाढतो. माझ्याकडे येईपर्यंत दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात. पण कानातून येणारं हे उत्तर त्याच्या फार आधी मावळायला लागतं. त्या वेळी माणूस सापडला, आवाजातून बाजूला झाला, तर पुढचं सगळं वाचतं. कळतंय का तुला, शिवलीला? हे आधी कळणं हीच अडचण होती. गावातल्या प्रत्येक विणकराला दर सहा महिन्यांनी काचेच्या खोलीत कोण बसवणार?”

ते काम हेल्मेट रोज सकाळी करत होतं. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक डोक्यावर तपासणीचं एकेक यंत्र होतं. हा विचार दोघींच्या मनात एकदमच आला असावा, कारण दोघी एकाच वेळी खिडकीकडे वळल्या.

कांबुऱ्यांना मात्र वेगळंच काही सुचत होतं. ते म्हणाले की पल्लवी लहानपणी पुटपुटून बोलते म्हणून आपण तिच्यावर फार ओरडलो आहोत. पल्लवी तिथं नव्हती. ते घरी जाऊन तिला हे सांगणार होते.

निघण्यापूर्वी डॉक्टरांनी सहज म्हटलं, तुझंही बघू की. शिवलीलानं हेल्मेट चढवलं. टिकटिक झाली. स्क्रीनवर रेघ उमटली. सरळ आली, चार हजारांशी वाकली आणि पुन्हा वर गेली. खड्डा उथळ होता, पण होता.

पल्लवीच्या कानात दाभणासारखा गेलेला आवाज आपल्याला नुसता टोकदार का वाटला, हे तिला त्या क्षणी समजलं. इतकी वर्षं ती गाड्यांचे आवाज आपल्या कानांवर भरवसा ठेवून पारखत आली होती. तेरदाळ्यांच्या घराखाली वीस मागांची शेड होती. त्या खडखडाटात ती पाळण्यात झोपली होती, त्यातच तिनं दहावीचा अभ्यास केला होता. माग बंद पडले की तिला जाग यायची. शेडमध्ये तिनं एक दिवसही काम केलं नव्हतं.

शुक्रवारी पुण्याहून पत्र आलं. स्पीकरमध्ये दोष नसल्याचं कंपनीला पटलं होतं. बुधवारी सगळ्या गाड्यांना नवी आज्ञावली पाठवली जाणार होती. ती स्वरमेळ ठरावीक मर्यादेत बांधून टाकेल आणि आत्तापर्यंतच्या सगळ्या रेघा पुसून टाकेल. शिवलीलानं मिहीरला फोन केला. तो ओशाळला होता. पल्लवीसारखा अपघात पुन्हा व्हायला नको, हे कारण खरंच होतं. पण कायदा विभागाला दुसरी काळजी होती. हेल्मेट हे वैद्यकीय उपकरण नाही. त्यानं कुणाच्या शरीराबद्दल काही जाणून घेतलंय हेच त्यांना नको होतं.

“पुसल्यानं खड्डा बुजणार नाही, सर,” शिवलीला म्हणाली. “फक्त दिसायचा थांबेल.”

मिहीरनं बुधवारपर्यंत काय करता येईल ते बघतो म्हणून सांगितलं आणि तिनं तिच्या बाजूनं काहीतरी दाखवण्यासारखं हाती द्यावं असं सुचवलं. बेचाळीस माणसं थोडी होतात, तो म्हणाला.

तिच्याकडे रविवार होता. सेंटरच्या मालकांनी आवार वापरायला दिलं. डॉक्टर बागवान यांनी दोन सहायक आणले. येणाऱ्यानं आधी हो म्हणावं, मगच त्याला हेल्मेट घालायचं. रेघ त्याच्या एकट्याच्या हातात द्यायची आणि ज्याच्या रेघेत खड्डा दिसेल त्याची खात्री दवाखान्यात करायची, असं त्यांनी ठरवून दिलं. कांबुरे शेडमागून शेड फिरले आणि प्रत्येक ठिकाणी मागांच्या वर आवाज काढून लोकांना बोलावून आले.

शनिवारी जेवताना शिवलीलानं वडिलांना सांगितलं. गुरुपाद तेरदाळे म्हणजे अप्पा, चाळीस वर्षांचे मागवाले. त्यांनी शांतपणे जेवत ऐकून घेतलं. माग म्हटला की आवाज आलाच, असं म्हणाले. त्यांच्या वडिलांनाही शेवटी ऐकू येत नव्हतं, त्यात विशेष काय. वर हेही म्हणाले की बाकीचे मालक विचारताहेत, तुमची पोर कामगारांना कशाला घाबरवतेय. तेव्हा तिनं आपली रेघ काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. ही कुणाची, त्यांनी विचारलं. माझी, ती म्हणाली. तिला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. भाकरी तशीच ठेवून ते उठले.

रविवारी सकाळी आठपासून आवारात माणसं जमायला लागली. शिवलीलाला पन्नास येतील असं वाटलं होतं. दहा वाजेपर्यंत रांग कुंपणाबाहेर गेली. विणकर आले, कांड्या भरणाऱ्या बायका आल्या, त्यांच्यातल्या कितीकांनी आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेट घातलं. आपला कान बोलतो हे ऐकून लोकांना फार गंमत वाटत होती. थरथरीची नोंद स्पीकरवर हजारपटीनं वाढवून ऐकता येते, हे मिहीरनं फोनवरून दाखवून दिलं, तेव्हा तर झुंबड उडाली. प्रत्येकाला आपल्या कानाची ओ ऐकायची होती. ती वाळूत पाणी जिरल्यासारखी ऐकू यायची. एक म्हातारी विणकरीण दोन्ही कानांची ऐकून म्हणाली, डाव्यानं अजून सोडलं नाही मला. दोन माणसं मात्र टिकटिक सुरू व्हायच्या आत हेल्मेट काढून निघून गेली. त्यांना कळून घ्यायचं नव्हतं आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

साडेअकराला अप्पा आले. रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर बसले. त्यांच्या रेघेत खड्डा असा नव्हताच. चार हजारांपासून पुढं सगळीच खाली गेली होती. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते घरी न जाता कडेला खुर्चीवर बसून राहिले.

त्यांच्यानंतर थोड्या वेळानं इम्रान शिकलगार बसला. तेवीस वर्षांचा, अप्पांच्याच शेडमधला विणकर, मागांवर येऊन तीन वर्षं झालेली. त्याला सगळं लख्ख ऐकू यायचं. तो सोबत्यांची चेष्टा करत बसला होता. त्याची रेघ आली आणि डॉक्टर बागवान वाकून बघायला लागल्या. चार हजारांशी अगदी बारीक पोचा आला होता. त्यांनी दुसऱ्यांदा टिकटिक करायला लावली. पोचा तिथंच होता.

डॉक्टरांनी त्याला समजावलं. त्याचं अजून काहीही गेलेलं नाही, पण जायला लागलंय. सकाळपासून आलेल्या दोनशेवर माणसांत ज्याचं जवळजवळ सगळं वाचू शकतं असा तो आहे आणि असे आत्तापर्यंत एकोणीस सापडलेत. हे सांगताना डॉक्टरांचा चेहरा उजळला होता. वीस वर्षांत त्यांना कधी कुणी वेळेवर भेटलं नव्हतं.

इम्रान त्यांच्याकडे, मग कागदाकडे बघत राहिला.

“ते सगळं कळलं,” तो म्हणाला. “मग उद्या पाळीला जाऊ का नको, तेवढं सांगा.”

डॉक्टरांनी शिवलीलाकडे पाहिलं. कामगारांना खरं सांगितलं की झालं, एवढाच विचार तिनं केला होता. समोर एक तरणा माणूस बसला होता आणि त्याला जे कळलं होतं ते घेऊन सकाळी सात वाजता त्यानं कुठं जायचं, हे तिनं ठरवलं नव्हतं.

कडेच्या खुर्चीवरून अप्पा उठले. इम्राननं काय विचारलं ते त्यांना नीट ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी शेजारच्याला विचारून घेतलं. मग ते पुढं आले.

“उद्या येऊ नकोस,” ते म्हणाले. “कुणीच येऊ नका. कानावर घालायची टोपणं आल्याबगर माझ्या शेडातला धोटा हलणार न्हाई. रजा माझ्याकडून.” आणि शिवलीलाकडे न बघता ते म्हणाले, “चाळीस वर्षांत कुणी विचारलंच न्हाई मला हे.”

सोमवारी तेरदाळ्यांच्या घराखाली माग बंद होते. शिवलीलाला पहाटेच जाग आली आणि ती त्या शांततेत पडून राहिली. मंगळवारी टोपणांची खोकी आली. अप्पांनी स्वतः एकेकाच्या कानावर ती बसवून पाहिली, मागांच्या पायांखाली रबर घालायला कांबुऱ्यांना बोलावलं आणि विणकरांनी पाळीच्या मध्ये अर्धा तास शेडबाहेर बसायचं असं ठरवलं. आणखी चार मालकांनी टोपणं मागवली. बाकीच्यांनी मागवली नाहीत आणि त्यांतला एक तर अप्पांशी बोलेनासा झाला.

मिहीरनं कंपनीत काय आणि कसं केलं, हे त्यानं कधी सविस्तर सांगितलं नाही. रविवारच्या, नावं काढून टाकलेल्या तीनशे सहा रेघा, डॉक्टरांचं पत्र आणि इम्रानचा प्रश्न त्यानं वरिष्ठांपुढं ठेवला, एवढंच तिला कळलं. बुधवारची आज्ञावली शनिवारवर गेली आणि आली तेव्हा बदललेली होती. हेल्मेट आता आधी डोकं कुणाचं आहे ते ओळखायचं आणि ज्याचा आवाज त्यालाच द्यायचं. पल्लवीनं वडिलांची गाडी घेतली तरी तिला तिच्याच कानाजोगं ऐकू यायला लागलं. रेघा पुसल्या गेल्या नाहीत. गाडी सुरू करताना स्क्रीनवर एक साधी ओळ यायची : ‘तुमच्या कानाबद्दल काही माहिती आहे. पाहायची आहे का?’ नको म्हटलं की ती पुन्हा सहा महिने विचारत नसे. हो म्हटलं की ती आणखी एक प्रश्न विचारायची, नाव न देता ही माहिती अभ्यासासाठी वापरू द्याल का.

देशभरातल्या लाखो लोकांनी दोन्हींना हो म्हटलं.

पुढचे तीन आठवडे मिहीरचा फोन जवळजवळ रोज यायचा. तो नकाशा बघत असायचा आणि त्याच्यानं एकट्यानं बघवत नसे. खडी फोडायच्या यंत्रांभोवतीची गावं त्याला सापडली, तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची आळी सापडली, बँजो पार्ट्यांची एक अख्खी वस्ती सापडली. सगळीकडे खड्डा तोच, चार हजारांच्या आसपास. शिवलीला आता रोज संध्याकाळी तासभर डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायची आणि दोघी मिळून प्रत्येक ठिकाणच्या एखाद्या डॉक्टरला गाठून हे कळवायच्या. काही जण फोन ठेवून द्यायचे. काहींनी पुढच्याच रविवारी आवार मोकळं करून हेल्मेटं मांडली.

चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, ती एका गाडीची जोडणी तपासत असताना मिहीरचा फोन आला. या वेळी तो घाईनं बोलत नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं आणि स्क्रीनवर एक नकाशा पाठवला. डोंगरात एक लहानसं खोरं होतं, सात गावांचं. तिथं कारखाना नव्हता, खाण नव्हती, मोठा रस्ताही नव्हता. शेती आणि रान. एकशे अकरा जणांनी माहिती वापरायला परवानगी दिली होती आणि एकशे अकरांच्याही रेघेत खड्डा होता.

तिनं रेघा उघडल्या. खड्डा चार हजारांवर नव्हता. तो दुसऱ्या टोकाला होता, खालच्या, जाड स्वरांमध्ये, जिथं कुठल्याच मागानं, कुठल्याच यंत्रानं केलेला खड्डा तिनं आजवर पाहिला नव्हता. गेल्या वर्षीच्या जुन्या नोंदीत त्याच लोकांच्या रेघा सरळ होत्या. म्हणजे अकरा महिन्यांपूर्वी काहीतरी सुरू झालं होतं आणि दर महिन्याला खड्डा थोडा खोल जात होता.

डॉक्टर बागवान यांना तिनं लगेच फोन जोडून घेतला. त्यांनी रेघा पाहिल्या. असं होण्यासाठी फार मोठा आणि फार खालचा आवाज लागेल, त्या म्हणाल्या. इतका खालचा की माणसाला तो ऐकूच यायचा नाही. अवश्राव्य. भूकंपाच्या आधी, ज्वालामुखीच्या पोटात, मोठ्या वादळात असला आवाज असतो म्हणतात. पण तो अकरा महिने सलग कसा चालेल?

“मी तिथल्या एका शाळेत फोन केला होता,” मिहीर म्हणाला. “मुख्याध्यापक म्हणाले, आमच्याकडे फार शांतता आहे. या, राहायला या.”

शिवलीलाला भीतीपेक्षा ओढ जास्त वाटत होती. तिनं भिंतीवरच्या फळीवरून एक नवं हेल्मेट काढलं, त्याचा बाहेरचा मायक्रोफोन खालच्या स्वरांसाठी किती उघडता येईल याचा मनात हिशेब केला आणि अप्पांना निरोप पाठवला की डोंगरातल्या एका खोऱ्यात जातेय, दोन दिवस घरी येणार नाही.

एकशे अकरा माणसांचे कान कुणाला तरी उत्तर देता देता थकत चालले होते. त्या शांत खोऱ्यात, अकरा महिने, त्यांच्याशी बोलत होतं ते काय होतं?